आजाराचं नाव, योकोहामाची परिषद आणि आपली 'छिन्नमनस्कता'

कृष्णाकाठ

माझ्या धाकट्या भावाला एकोणिसाव्या वर्षी आजाराने गाठलं. आधी झोप गेली, मग कॉलेज सुटलं. शेजारच्या गच्चीवरून माणसं आपल्याबद्दल बोलतात, असं तो सांगायला लागला. तालुक्याच्या डॉक्टरांनी शहरात धाडलं आणि तिथून आलेल्या कागदावर मराठीत एक शब्द होता : छिन्नमनस्कता, म्हणजे स्किझोफ्रेनिया. आप्पा प्राथमिक शाळेत शिक्षक. त्यांनी कपाटातला शब्दकोश काढून 'छिन्न' बघितलं. तोडलेलं, कापलेलं, फाटलेलं. कोश मिटून ते अंगणात जाऊन बसले. त्यानंतर घरात तो शब्द कुणी उच्चारला नाही. आई अजूनही 'त्याचं ते' म्हणते. खुद्द भावाला त्याच्या आजाराचं नाव सहा वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही नाही आणि डॉक्टरांनीही नाही.

मागच्या महिन्यात पुण्यात शुभंकरांच्या बैठकीला गेले होते. (नव्या वाचकांसाठी : मानसिक आजाराच्या क्षेत्रात आपल्याकडे रुग्णाला शुभार्थी आणि त्याची काळजी घेणाऱ्याला शुभंकर म्हणायची पद्धत रुळली आहे.) तिथे एका ज्येष्ठ डॉक्टरांनी जपानची हकीकत सांगितली. तेव्हापासून ती डोक्यातून जात नाही. घरी येऊन मिळेल ते वाचलं, ते इथे मांडते.

जपानमध्ये या आजाराला १९३७ पासून 'सेइशिन बुनरेत्सु ब्यो' म्हणत. सरळ अर्थ 'मन दुभंगल्याचा आजार'. म्हणजे आपलीच छिन्नमनस्कता. जपानी लिपीत शब्द वाचता वाचता त्याचा अर्थ डोळ्यांसमोर उभा राहतो, त्यामुळे केसपेपरवर नाव दिसलं की माणूस कोसळायचा. डॉक्टरांनाही ते तोंडावर सांगवत नसे. मनोरुग्णांच्या कुटुंबीयांच्या राष्ट्रीय महासंघाने, 'झेनकारेन'ने, १९९३ मध्ये तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेला विनंती केली की हे नाव बदला. आमच्या मुलांना बरं व्हायचं आहे आणि हे नाव त्यांच्या वाटेत उभं आहे.

मला सगळ्यात जास्त भिडलं ते पुढचं. डॉक्टरांच्या संघटनेने ती विनंती फायलीत टाकली नाही. समिती नेमली आणि वर्षानुवर्षं काम केलं. तीन पर्याय काढले : मूळ 'स्किझोफ्रेनिया' तसाच जपानी लिपीत लिहायचा, क्रेपेलिन आणि ब्लॉयलर या दोन डॉक्टरांच्या नावाने आजार ओळखायचा, किंवा 'तोगो शिच्चो शो', म्हणजे मनाच्या जुळणीत, एकसंधपणात बिघाड. लोकांची मतं मागवली आणि तिसरा पर्याय निवडला. ऑगस्ट २००२ मध्ये योकोहामाला वर्ल्ड सायकियाट्रिक असोसिएशनची, म्हणजे डब्ल्यूपीएची, जागतिक परिषद भरली होती. जगभरातले मानसोपचारतज्ज्ञ तिथे जमले असताना जपानने हे नवं नाव जाहीर केलं.

निव्वळ पाटी बदलली म्हणाल, तर तसं झालं नाही. सात महिन्यांत सुमारे ७८ टक्के रुग्णांच्या बाबतीत नवं नाव वापरात आलं. आणि ज्या रुग्णांना त्यांचं निदान सांगितलं जातं त्यांचं प्रमाण तीन वर्षांत ३६.७ टक्क्यांवरून ६९.७ टक्क्यांवर गेलं. हा आकडा वाचला आणि मला आमची सहा वर्षं आठवली. नाव सांगण्याजोगं झालं म्हणून डॉक्टर रुग्णाशी बोलू लागले. डब्ल्यूपीएच्या 'वर्ल्ड सायकियाट्री' या नियतकालिकात २००६ मध्ये हे सगळं छापून आलं आणि इतर देशांना वाचायला मिळालं. दक्षिण कोरियाने २०११ च्या सुमारास नाव बदललं. त्यांच्या नव्या शब्दात तंतुवाद्याच्या तारा जुळवण्याची कल्पना आहे. आजार म्हणजे तार उतरलेली, ती पुन्हा लावता येते.

माझे प्रश्न दोन. मराठीत या आजाराला काय म्हणावं? आणि असा बदल व्हायला डॉक्टरांच्या देशी-परदेशी संघटनांचा खरंच काही उपयोग असतो का, की जपानची गोष्ट अपवाद? डॉक्टर मंडळींनी आणि माझ्यासारख्या घरच्यांनी, दोघांनीही लिहावं ही विनंती.

सावली

ताई, आप्पा अंगणात जाऊन बसले ते वाचून पुढे वाचवेना. आमच्याकडे मावशीच्या बाबतीत अगदी हेच. भाऊ आता कसे आहेत?

कृष्णाकाठ

@सावली, गोळ्या नियमित आहेत. सकाळी गोठ्याचं काम बघतो, दुपारी वाचतो. आवाज पूर्ण गेलेले नाहीत, पण त्याला आता त्यांची ओळख पटली आहे.

रानवाट

लेख चांगला आहे, पण मनातलं बोलतो. राग मानू नका. माझ्या मुलीला हाच आजार आहे. महिन्यातून एकदा पहाटेची एसटी धरून जिल्ह्याला जातो. केसपेपर काढायला रांग, डॉक्टरांपुढे रांग, औषधाच्या खिडकीवर रांग. दोन वेळा असं झालं की ओलान्झापीन संपलंय, बाहेरून घ्या म्हणाले. बाहेर दुकानदार चिठ्ठी वाचून आधी माझ्याकडे बघतो, मग मुलीकडे. अशा वेळी योकोहामाला कुणी काय ठराव केला, याचं मला काय? परिषदा पंचतारांकित हॉटेलांत होतात, फोटो निघतात. आमच्या खिडकीवर गोळी कधी येणार ते कुणी सांगत नाही. नाव काहीही ठेवा.

डॉ. निशिगंध

@रानवाट दादा, राग कसला मानायचा. मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, तालुक्याच्या गावात प्रॅक्टिस करतो आणि परिषदांबद्दल तुमचं म्हणणं निम्मं मलाही पटतं. आधी कामाचं सांगतो. मुलीचं दिव्यांग प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढलं नसेल तर काढा. दीर्घकालीन मानसिक आजार २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात येतो. औषध नाही म्हणाले तर तसं केसपेपरवर लिहून मागा आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकाला भेटा. तुमच्या तालुक्यात त्यांचा ओपीडीचा दिवस ठरलेला असेल तर दर महिन्याची जिल्ह्याची फेरी वाचेल. गोळी एक दिवसही बंद करू नका. अडलंच तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं.

आता संघटनांचा उपयोग काय, या प्रश्नाकडे येतो. एक जुनी गोष्ट सांगतो, कारण ती याच आजाराच्या नावाभोवती फिरते.

साठ-सत्तरच्या दशकांत सोव्हिएत रशियात सरकारला नको असलेली माणसं मनोरुग्णालयात डांबली जात. मॉस्कोतल्या स्नेझ्नेव्स्की या बड्या मानसोपचारतज्ज्ञाने 'संथ गतीचा स्किझोफ्रेनिया' असा एक प्रकार मांडला होता. त्यात भास नाहीत, भ्रम नाहीत, माणूस नोकरी करतोय, संसार करतोय, तरी तो आजारी ठरू शकत असे. 'सुधारणावादाचे भ्रम' हे लक्षण म्हणून लिहिलं जाई. समाज बदलायला हवा असं वाटणं हाच आजार! ग्रिगोरेन्को नावाच्या सेनाधिकाऱ्याने सरकारवर टीका केली, त्यांनाही असंच वेडं ठरवून कोंडलं. १९७१ मध्ये व्लादिमीर बुकोव्स्की या तरुणाने अशा प्रकरणांची सुमारे दीडशे पानं पाश्चात्त्य मानसोपचारतज्ज्ञांपर्यंत पोचवली आणि विनंती केली की हे तपासा. त्याच वर्षी मेक्सिको सिटीत डब्ल्यूपीएची परिषद होती. तिने काहीही केलं नाही. पुढच्याच जानेवारीत बुकोव्स्कीला शिक्षा झाली. किएव्हचा एक तरुण मानसोपचारतज्ज्ञ, सेम्यॉन ग्लुझमन, याने ग्रिगोरेन्को निरोगी असल्याचा अहवाल त्यांना न भेटता, कागदपत्रांवरून लिहिला. त्याला सात वर्षं श्रमछावणी आणि तीन वर्षं हद्दपारी भोगावी लागली.

संघटना गप्प बसली, ही यातली लाजिरवाणी बाजू. पण सदस्य देशांतल्या संघटनांनी विषय सोडला नाही. ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, अमेरिकन डॉक्टर पुन्हा पुन्हा तो उकरून काढत राहिले. १९७७ च्या होनोलुलू परिषदेत सोव्हिएत गैरवापराचा निषेध मताला आला आणि ९० विरुद्ध ८८ मतांनी मंजूर झाला. दोन मतांचा फरक! त्याच परिषदेत 'हवाई जाहीरनामा' (नाव हवाई बेटांवरून) स्वीकारला गेला. आजार नसताना कुणावर सक्तीने उपचार करू नयेत, हे मानसोपचारतज्ज्ञांनी आपल्या व्यवसायासाठी जगाच्या पातळीवर लिहून घेतलं. १९८३ मध्ये व्हिएन्ना परिषदेत हकालपट्टी होणार अशी चिन्हं दिसताच सोव्हिएत संघटना आधीच बाहेर पडली. १९८९ मध्ये अथेन्सला ती परत आली, पण राजकीय कारणांसाठी मानसोपचाराचा गैरवापर झाला हे कबूल करून आणि अटी मान्य करून.

हे एवढं सविस्तर लिहिलं कारण मला वाटतं, व्यावसायिक संघटनेची खरी परीक्षा अशाच ठिकाणी होते. आपल्याच बिरादरीतला माणूस चूक करतोय हे ती मोठ्याने म्हणते का? सरकार म्हणणार नाही, औषध कंपनी म्हणणार नाही, आणि एकट्यादुकट्या डॉक्टरने म्हटलं तर त्याचा ग्लुझमन होतो. जर्मनीत नाझी काळात मनोरुग्णांना ठार मारायची मोहीम चालली. जानेवारी १९४० ते ऑगस्ट १९४१ या काळातच सत्तर हजारांवर माणसं मारली गेली, आणि निवड करणाऱ्यांत मानसोपचारतज्ज्ञ होते. जर्मन संघटनेने त्याची जाहीर माफी मागायला २०१० साल उजाडलं. उशीर झाला, फार उशीर झाला. तरी मागितली.

अनुस्वार

नावाच्या प्रश्नावर लिहितो. मी भाषांतराचं काम करतो, वैद्यकीय माहितीपत्रकंही केली आहेत.

मूळ शब्द स्विस डॉक्टर ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये वापरला. ग्रीकमध्ये 'स्किझो' म्हणजे फाटणं आणि 'फ्रेन' म्हणजे मन. विचार, भावना, कृती यांची एकमेकांशी असलेली सांगड सुटते, असं त्यांना म्हणायचं होतं. एका माणसात दोन माणसं राहतात असा अर्थ त्यांच्या मनात नव्हता. पण 'दुभंगलेलं व्यक्तिमत्त्व' हा गैरसमज जगभर पसरला आणि आपल्या मालिका-सिनेमांनी त्याला खतपाणी घातलं. 'छिन्नमनस्कता' करणाऱ्याने मूळ शब्दाचं इमानदारीने भाषांतर केलं. दोष त्याचा नाही. 'अन्यमनस्क'च्या चालीवरचा तो व्याकरणशुद्ध शब्द आहे. फक्त 'छिन्न' आला की मागोमाग 'विच्छिन्न' ऐकू येतं.

माझं मत मात्र कृष्णाकाठ ताईंच्या अपेक्षेपेक्षा वेगळं आहे. जपानला नवं नाव लागलं कारण त्यांचं जुनं नाव पारदर्शक होतं. मराठीत आपल्याकडे एक अपारदर्शक शब्द आधीपासूनच आहे, 'स्किझोफ्रेनिया'. मधुमेहाला सगळे 'डायबेटिस' म्हणतात, कुणाला त्याची व्युत्पत्ती माहीत नसते आणि कुणाचं अडत नाही. परका शब्द कोरा असतो, त्यावर आपण माहिती लिहू शकतो. म्हणून मी माहितीपत्रकांत 'छिन्नमनस्कता' टाळतो आणि 'स्किझोफ्रेनिया'च लिहितो.

कृष्णाकाठ

@अनुस्वार, मुद्दा पटतो, पण माझ्या आईला 'स्किझोफ्रेनिया' म्हणता येत नाही. 'सिजोफेनी' असं काहीतरी होतं आणि मग ती ओशाळून गप्प बसते. जो शब्द उच्चारायला जमत नाही, तोही न बोलण्याचीच सोय करून देतो. 'शुगर' म्हणायला सोपं आहे हो.

@डॉ. निशिगंध, ९० विरुद्ध ८८ वाचून अंगावर काटा आला.

मिडलँड्सकर

मी मूळचा विदर्भातला. गेली अठरा वर्षं इंग्लंडमध्ये मानसोपचारतज्ज्ञ आहे. संघटनांच्या देवाणघेवाणीची आतली बाजू थोडी सांगतो, कारण मी स्वतः त्याच देवाणघेवाणीतून इथे आलो.

इथली मानसोपचारतज्ज्ञांची संघटना 'रॉयल कॉलेज ऑफ सायकियाट्रिस्ट्स' या नावाने १९७१ मध्ये उभी राहिली, पण तिचं मूळ १८४१ चं. वेड्यांच्या इस्पितळांतल्या डॉक्टरांनी काढलेली ती संघटना. तिचाच एक भारतीय विभाग १९३९ मध्ये निघाला होता. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, जानेवारी १९४७ मध्ये, त्याच्या जागी आपली इंडियन सायकियाट्रिक सोसायटी स्थापन झाली. म्हणजे सुरुवातीचं नातं मालक आणि शाखा असं होतं. पुढे काय झालं बघा : पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयात, शिकलेले दिनेश भुग्रा २००८ ते २०११ या काळात त्याच कॉलेजचे अध्यक्ष झाले आणि २०१४ ते २०१७ डब्ल्यूपीएचे. मला याचा अभिमान आहे.

पण अभिमानाच्या पोटात एक काटा आहे. कॉलेजचे सहा आंतरराष्ट्रीय विभाग आहेत, त्यांत दक्षिण आशियाचा एक. त्यांच्यामार्फत अभ्यासक्रम, परीक्षा, व्याख्यानं चालतात. कॉलेजचे स्वयंसेवक डॉक्टर आफ्रिका-आशियात जाऊन प्राथमिक केंद्रांतल्या डॉक्टर-नर्सना 'एमएचगॅप' शिकवतात. तज्ज्ञ नसलेल्यांनी नैराश्य, स्किझोफ्रेनिया, फिट्स कसे ओळखायचे आणि सांभाळायचे, यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये सुरू केलेला हा कार्यक्रम. ही झाली देण्याची बाजू. घेण्याची बाजू अशी, की इथली सरकारी सेवा भारत-पाकिस्तान-नायजेरियातून आलेल्या डॉक्टरांवर फार अवलंबून आहे. एक योजना आहे, जिच्यात परदेशी डॉक्टर जास्तीत जास्त दोन वर्षं शिकायला येतात आणि मग परत जावं अशी अपेक्षा असते. हेतू चांगला आहे. पण माझ्यासारखे इतर वाटांनी आलेले कितीतरी परतले नाहीत. भारतात लाख लोकांमागे एकही मानसोपचारतज्ज्ञ पडत नाही, आणि त्यातला एक मी इथे बसलोय. रानवाट दादा, तुमच्या रांगेत माझाही वाटा आहे, हे मला माहीत आहे.

गेली चार वर्षं मी दर पंधरवड्याला रविवारी सकाळी विदर्भातल्या तीन वैद्यकीय अधिकाऱ्यांशी व्हिडिओवर केसेसची चर्चा करतो. नावं-गावं नसतात, फक्त लक्षणं आणि औषधं. सुरुवातीला मी शिकवतो असं वाटायचं. आता उलट झालंय. क्लोझापीन या औषधासोबत नियमित रक्ततपासणी लागते. ते सुरू केलेल्या रुग्णाची तपासणी सगळ्यात जवळची लॅब चाळीस किलोमीटरवर असताना कशी करवायची, हे मला कुठल्या परीक्षेत विचारलं नव्हतं. त्यांनी आशाताईंना धरून बाजाराच्या दिवसाशी तपासणी जोडून टाकली.

मांडवीतीर

मिडलँड्सकरांच्या शेवटच्या परिच्छेदाला धरून गोव्यातलं सांगते. मी इथे आरोग्यक्षेत्रात काम करते.

आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हटलं की ज्ञान लंडनहून निघतं आणि आपल्याकडे पोचतं, असं चित्र डोळ्यांपुढे येतं. गोव्याला ते झिम्बाब्वेची राजधानी हरारेहून आलं. मुंबईत शिकलेले विक्रम पटेल नव्वदच्या दशकात झिम्बाब्वेत काम करत होते. तिथल्या शोना भाषेत नैराश्याला पुस्तकी शब्द चालत नव्हता. लोक 'कुफुंगिसिसा' म्हणत, म्हणजे 'फार विचार करणं'. तो शब्द धरला की माणूस बोलता व्हायचा. पुढे १९९६ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह गोव्यात 'संगाथ' ही संस्था उभी केली. इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत त्यांनी डॉक्टर नसलेल्या, गावातल्याच माणसांना समुपदेशन शिकवून नैराश्याच्या रुग्णांशी बोलायला बसवलं. शास्त्रीय चाचणी घेतली आणि सरकारी केंद्रांत त्याचा गुण आला. २०१० मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि मग लंडनने वाचलं. झिम्बाब्वेत डिक्सन चिबांडा यांनी २००६ पासून दवाखान्याच्या आवारात बाकं टाकून आज्यांना समुपदेशक केलं, तेही याच कुळातलं.

शब्दाबद्दल माझं म्हणणं त्यामुळे असं, की तो समितीने घडवण्याआधी ऐकावा. इथे बायका 'जीव घाबरतो', 'विचार थांबत नाहीत', 'अंगात ताण नाही' म्हणतात. स्किझोफ्रेनियाला लोक काय म्हणतात ते कुणी बसून ऐकलंय का?

डॉ. निशिगंध

मांडवीतीर ताई, फार मोलाचं लिहिलंत.

एक जोड देतो. डब्ल्यूपीएने १९९६ मध्ये स्किझोफ्रेनियाचा कलंक दूर करण्यासाठी 'ओपन द डोअर्स' ही मोहीम सुरू केली. पुढे भारतासह सुमारे वीस देशांत ती चालली. तिचा पहिला प्रयोग कॅनडात कॅलगरी परिसरात झाला. मोहिमेचा एक नियम मला फार आवडतो : आधी रुग्ण आणि कुटुंबीयांना विचारायचं की कलंक तुम्हाला नेमका कुठे बोचतो, आणि मग तिथेच काम करायचं. पोस्टरं छापत सुटायचं नाही. काही ठिकाणी उत्तर आलं, 'तातडीच्या विभागात'. म्हणजे इस्पितळातच! मग तिथल्या कर्मचाऱ्यांसोबत काम झालं.

कॅलगरी विद्यापीठात तेव्हा एक मराठी प्राध्यापक होते, जगन्नाथ वाणी. संख्याशास्त्राचा माणूस, पण घरात हा आजार अनुभवलेला. त्यांच्या पुढाकारातून पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन, 'सा', उभी राहिली. तिने कितीतरी मराठी कुटुंबांना पहिल्यांदा एका खोलीत बसून मोठ्याने बोलायला लावलं.

रानवाट

डॉक्टर, फोन केला होता. आमच्या तालुक्यात पथकाचा दिवस महिन्यातला दुसरा गुरुवार आहे, हे मला दोन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. जाऊन आलो. रांग होती पण दुपारी घरी पोचलो.

आधीचं थोडं मागे घेतो. औषधाच्या दुकानात तो माणूस चिठ्ठी वाचून मुलीकडे बघतो, हे मीच लिहिलं होतं. म्हणजे नावाने फरक पडतो हे मलाही ठाऊक होतं. मुलगी त्या दुकानात यायला आता तयार नसते.

अनुस्वार

रानवाटांच्या या दोन ओळींनी माझा सगळा व्युत्पत्तीचा युक्तिवाद लंगडा झाला. दुकानदाराने तर कोरा परका शब्दच वाचला होता ना? किंवा फक्त गोळीचं नाव. शब्द कोरा राहत नाही, लोक त्यावर लिहितातच. तरी 'छिन्न' नको, यावर मी ठाम आहे. जपानी धर्तीवर 'मनोजुळणीतला बिघाड' असं काही केलं तर ते सरकारी वाटेल. कोरियन कल्पना आपल्याला जवळची आहे. तंबोऱ्याची तार उतरते, हवा बदलली तरी उतरते, आणि कुणी तंबोऱ्याला दोष देत नाही. 'सूर उतरणं'? नावासाठी आग्रह नाही, सुचलं म्हणून लिहिलं.

सावली

मला एक विचारायचं आहे. या धाग्यावर डॉक्टर बोलले, आई-वडील बोलले, बहीण बोलली, भाषातज्ज्ञ बोलले. कृष्णाकाठ ताई, तुमच्या भावाला विचारलंत का?

कृष्णाकाठ

@सावली, तुमचा प्रश्न वाचून तीन दिवस काही लिहू शकले नाही. विचारलं नव्हतं. त्याच्यासाठी चालवलेल्या धाग्यात त्यालाच विचारायचं राहिलं.

काल रात्री जेवणं झाल्यावर त्याला हा सगळा धागा वाचून दाखवला. रानवाट दादांचा आणि मिडलँड्सकरांचा प्रतिसाद त्याने दोनदा वाचायला लावला. सोव्हिएत रशियाचं ऐकून म्हणाला, "म्हणजे त्यांना खरंच कुणी त्रास देत होतं, आणि डॉक्टर म्हणत होते तुम्हाला भास होतोय." मग बराच वेळ गप्प होता.

नावाचं विचारलं. म्हणाला, "मी स्वतःशी 'आवाजाचा आजार' म्हणतो." इतकी वर्षं तो असं म्हणत होता आणि आम्हाला माहीत नव्हतं. आई पलीकडे भांडी पुसत होती. तिने तिथूनच एकदा म्हणून बघितलं, "आवाजाचा आजार." तिला जमलं.

डॉक्टर, मला कळतं की सगळ्यांना आवाज येत नाहीत, काहींना फक्त संशय असतो, काही नुसते आत आत जातात. म्हणून हा शब्द सगळ्यांचा होणार नाही. मावशीसाठी, रानवाट दादांच्या मुलीसाठी वेगळा असेल. पण आमच्या घरात आजपासून हाच.

त्याने एक प्रश्न मात्र मला विचारला आणि मी अडखळले. "जपानमध्ये नाव बदला म्हणून ज्यांनी मागणी केली, त्यांत पेशंट होते, की नुसते घरचे?" मी म्हटलं, संस्था कुटुंबीयांची होती. तो म्हणाला, "मग आपल्याकडे करशील तेव्हा आम्हाला बोलव."

पुढच्या रविवारी पुण्याच्या बैठकीला त्याला घेऊन चालले आहे. पहाटेच्या एसटीची दोन तिकिटं काढली आहेत. रानवाट दादा, तुम्ही आणि लेक येणार असाल तर इथेच कळवा, स्वारगेटला थांबतो.

रानवाट

तिला विचारून सांगतो.